शुगर ताब्यात, मग किडनी का खालावते?

या महिन्याची पत्रं वाचायला घेतली आणि एक गोष्ट लगेच लक्षात आली. जवळजवळ प्रत्येकाने उपाशीपोटीची शुगर लिहिली आहे, जेवणानंतरची लिहिली आहे, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, तर दशांशासकट लिहिली आहे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, बऱ्याच जणांनी कळवलंय, बीपी थोड्यांनी. लघवीतून गळणाऱ्या अल्ब्युमिन या प्रोटीनचा आकडा मात्र एक पत्र सोडलं तर कुठेच नाही. मधुमेह असलेल्या माणसाची किडनी पुढे किती वेगाने खालावणार, हे सांगणाऱ्या तपासण्यांत ही सगळ्यांत बोलकी, आणि नेमकी तीच फाइलमध्ये नसते. म्हणून आजची पत्रं त्याच अंगाने निवडली आहेत. नेहमीची अट आहेच: पत्र वाचून मी कुणाची गोळी सुरू करत नाही, बंदही करत नाही. ते तुम्हाला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांनी करायचं.

प्रश्न : वय ६६, निवृत्त शिक्षिका. मधुमेह १४ वर्षं. एचबीएवनसी ६.८, म्हणजे डॉक्टरही खूश. क्रिएटिनिन चार वर्षांपूर्वी ०.८, दोन वर्षांपूर्वी १.० आणि आता १.२ आहे. रिपोर्टवर तिन्ही वेळा 'नॉर्मल' छापलंय. बीपी घरी मोजलं की १५० च्या आसपास येतं, पण "वयाप्रमाणे चालायचंच" असं सगळे म्हणतात. मुलगी म्हणते, किडनीच्या डॉक्टरांना दाखव. खरंच गरज आहे का?

मुलीचं ऐका.

बाई, तुमचे तीन आकडे मी पेन्सिलीने समासात मांडले आणि प्रत्येकापुढे ईजीएफआर काढला. ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज. तो क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून काढतात. चार वर्षांपूर्वी तो साधारण ८३ होता, दोन वर्षांपूर्वी ६३, आज ५०. चाळिशीनंतर निरोगी माणसाचाही तो वर्षाला एखाद्या अंकाने उतरतो. पण वर्षाला पाचाहून जास्त उतरू लागला तर आम्ही त्याला झपाट्याची घसरण म्हणतो. तुमचा आठाच्या वर उतरतोय, आणि रिपोर्ट तीनदा 'नॉर्मल' म्हणतोय.

यात लॅबने काही लपवलेलं नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे हाच १.२ आकडा तिशीतल्या पुरुषाच्या रिपोर्टवर असता तर त्याचा ईजीएफआर ८० च्या पुढे निघाला असता. तुमच्या वयाच्या बाईचा ५० निघतो. रिपोर्टवरची 'नॉर्मल'ची चौकट एका दिवसाचा एक आकडा बघते. तुमचा मागचा आकडा काय होता, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून माझ्याकडे कुणी नवीन आलं की मी आधी जुने रिपोर्ट मागते आणि तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने लावते. आजचा आकडा किती यापेक्षा तो कुठून इथवर आला, हे मला जास्त सांगतं.

आता लघवीची तपासणी. तिचं नाव एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर. चोवीस तासांची लघवी साठवावी लागत नाही, एका वेळचा नमुना पुरतो, सकाळचा पहिला असला तर उत्तम. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी आहे. नेहमीच्या पट्टीच्या तपासणीत 'प्रोटीन निल' आलं म्हणून निर्धास्त राहू नका, सुरुवातीची थोडी गळती त्या पट्टीला दिसत नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, फारच चढलेली शुगर यांनी हा आकडा तात्पुरता वाढतो. त्यामुळे एकाच रिपोर्टवरून शिक्का मारत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने तपासून त्यांतले दोन वाढलेले आले तर मानतात.

एवढा आग्रह का, तेही सांगते. पुढच्या काही वर्षांत किडनी निकामी होण्याचा धोका किती, हे काढण्याचं एक सूत्र नवदीप तंगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं. ते आज जगभर वापरतात. त्यात चारच गोष्टी भरायच्या असतात: वय, स्त्री की पुरुष, ईजीएफआर आणि एसीआर. शुगर त्यात नाहीच! शुगरचं महत्त्व यामुळे उणावत नाही, दुखणं सुरू होण्यात तिचा हात मोठा असतो. पण एकदा ईजीएफआर ६० च्या खाली आला की पुढच्या घसरणीचा अंदाज या चार गोष्टींवरून चांगला बांधता येतो. तुमच्या चारपैकी तीन मला पत्रातून कळल्या, चौथी कुणी तपासलेलीच नाही. एसीआर अगदी नॉर्मल आला तरी विषय मिटत नाही. मधुमेहात अल्ब्युमिन न गळताही काहींचा ईजीएफआर उतरतो, शिवाय अशा वेळी दुसरं काही कारण आहे का तेही शोधावं लागतं.

आणि ते १५० बीपी. ते वयाच्या नावावर सोडून देऊ नका. मधुमेहातली किडनीची घसरण बीपी उतरवून मंदावता येते, हे डेन्मार्कच्या कार्ल एरिक मोगेन्सेन यांनी १९८२ मध्ये दाखवलं. तोवर एकदा घसरण लागली की वैद्यकाच्या हातात फारसं काही नाही असाच समज होता. पुढे इंग्लंडमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात मधुमेहींचे दोन गट केले. एका गटाचं बीपी सरासरी १५४/८७ राहिलं, दुसऱ्याचं १४४/८२. वरच्या आकड्यात फरक अवघा दहाचा. तरी दुसऱ्या गटात डोळे आणि किडनी यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे आजार ३७ टक्क्यांनी कमी झाले. ही १९९८ ची गोष्ट. आज तुमच्यासारखीला बहुतेक डॉक्टर १३०/८० च्या खाली आणायचा प्रयत्न करतील, उठताना चक्कर येत नसेल तर. घरची बीपीची वही घेऊन जा. ती लॅबच्या रिपोर्टाइतकीच कामाची आहे.

प्रश्न : सासऱ्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. गेल्या काही महिन्यांत शुगर आपोआप खाली आली, इन्सुलिनचे युनिट जवळपास निम्मे करावे लागले. दोनदा पहाटे शुगर उतरून घाम फुटला. ते सगळ्यांना सांगत सुटलेत की मधुमेह बरा होत चाललाय. पायांवर थोडी सूज असते. आनंद मानावा का?

नाही. ही आनंदाची बातमी नसण्याची शक्यताच जास्त आहे, आणि पत्र छापून येईपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी करून घ्या.

शरीरातल्या इन्सुलिनचा मोठा वाटा किडनी मोडून बाहेर काढते. टोचून घेतलेल्या इन्सुलिनच्या बाबतीत तर हे आणखीच खरं. किडनी थकली की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. उपाशीपोटी शुगर सावरायला किडनी स्वतः थोडी साखर तयार करते, तेही कमी होतं. भूक मंदावल्यामुळे खाणं घटतं ते निराळंच. या सगळ्यामुळे शुगर उतरते, आणि घरात वाटतं की दुखणं हटलं. माझ्या ओपीडीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की "डॉक्टर, आता इन्सुलिन लागतच नाही हो" असं कुणी हसत म्हणालं की माझा हात आधी त्यांच्या पायाकडे जातो. नडगीवर अंगठा दाबून धरायचा आणि खड्डा राहतो का बघायचं.

आणखी एक गोष्ट घरात सांगून ठेवा. किडनी बरीच उतरलेली असताना एचबीएवनसीवरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. रक्तक्षय झालेला असतो, तांबड्या पेशींचं आयुष्य घटलेलं असतं, आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. तेव्हा मशिनवर घरी मोजलेल्या शुगरची नोंद ठेवा, विशेषतः पहाटेची. इन्सुलिनबरोबर ग्लिबेनक्लामाइड किंवा तशा जातीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, किडनी उतरल्यावर तिचाही अंमल लांबतो. पहाटेचा घाम हा इशारा समजा.

प्रश्न : लघवीतून प्रोटीन जातं म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केली. महिन्याने क्रिएटिनिन १.३ चं १.५ झालं. ओळखीच्या एकाने सांगितलं, "ही गोळीच तुझी किडनी खातेय." घाबरून मी ती बंद केली. पुढे डॅपाग्लिफ्लोझिनही लिहून दिली आहे, तीही घेतलेली नाही. काय करू?

तुमच्या ओळखीच्या त्या गृहस्थांनी केवढं नुकसान केलं, याची त्यांना कल्पनाही नसेल. असा सल्ला देणारा माणूस प्रत्येक कुटुंबात असतोच. औषधाच्या दुष्परिणामांपेक्षा मला त्याची जास्त धास्ती वाटते.

किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात, एकेका किडनीत सुमारे दहा लाख. मधुमेहात प्रत्येक गाळणीच्या आतला दाब वाढतो. सुरुवातीला त्यामुळे ईजीएफआर चक्क नेहमीपेक्षा जास्त दिसतो, आणि 'किडनी उत्तम' असं समजून सगळे निश्चिंत होतात. तो वाढीव दाबच पुढे गाळणी फाडतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करून आतला दाब उतरवतात. दाब उतरला की गाळणं थोडं कमी होतं आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. पहिल्या महिन्याभरात ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो. तुमची वाढ १५ टक्के आहे. म्हणजे गोळीने आपलं काम सुरू केलं होतं.

या जातीच्या गोळ्यांचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. कॅप्टोप्रिलचा अभ्यास १९९३ मध्ये आला, तो टाइप वन मधुमेहींवरचा. क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका त्यात जवळजवळ निम्म्याने घटला. टाइप टूमध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांचे अभ्यास २००१ मध्ये आले. लोसार्टनच्या अभ्यासात दिसलं की, ज्यांच्या लघवीत सुरुवातीला अल्ब्युमिन जास्त त्यांची किडनी जास्त वेगाने खालावली, आणि पहिल्या काही महिन्यांत ज्यांची गळती जास्त उतरली त्यांना पुढे जास्त फायदा झाला. म्हणून गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिनबरोबर एसीआरही पुन्हा करायचा असतो. तुम्ही तो केला का, पत्रात काही लिहिलेलं नाही.

डॅपाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी, तिचंही तसंच. सुरुवातीला ईजीएफआर दोन-चार अंकांनी उतरतो, मग घसरणीचा वेग मंदावतो. त्याच जातीच्या कॅनाग्लिफ्लोझिनचा क्रेडेन्स अभ्यास २०१९ चा, ४४०१ मधुमेही त्यात होते. फायदा इतका स्पष्ट दिसला की तो मुदतीआधी थांबवला गेला. डॅपाग्लिफ्लोझिनचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यानंतर फिनेरेनोन हे आणखी एक औषध आलं, आणि २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधानेही किडनीची घसरण मंदावल्याचं दिसलं. मी शिकत होते तेव्हा या दुखण्यावर हाताशी किती कमी साधनं होती ते आठवलं की, आजचा माणूस हाती आलेली गोळी ऐकीव गोष्टीवरून कपाटात ठेवतो याचा मला राग येतो. तुमच्यावर नाही, त्या ऐकीव गोष्टींवर.

मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंच. वाढ ३० टक्क्यांच्या पुढे गेली तर कारण शोधायचं. 'सार्टन' आणि 'प्रिल' या दोन जाती एकत्र घ्यायच्या नाहीत. जास्त फायदा होईल असं वाटून तसं करून पाहिलं गेलं होतं, तेव्हा पोटॅशियम चढलं आणि किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण वाढलं. दिवस राहिले असतील किंवा राहायची इच्छा असेल तर या गोळ्या चालत नाहीत, आधीच सांगा. डॅपाग्लिफ्लोझिनने जननेंद्रियाजवळ बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, स्वच्छता पाळा आणि खाज सुटली तर लाजू नका. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर ती काही दिवस आधी थांबवतात.

आता फोन उचला, डॉक्टरांना सरळ सांगा की गोळी बंद केली होती. ते रागावतील. रागावू देत.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. मधुमेह, बीपी आणि गुडघेदुखी. बीपीसाठी एक सार्टन आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे. गुडघ्यासाठी पेनकिलर स्वतःच आणून घेतात. परवा जुलाब-उलट्या झाल्या, दोन दिवसांत क्रिएटिनिन १.४ चं ३.६ झालं. दवाखान्यात ठेवलं, आता २.० वर आलंय. दोन दिवसांच्या जुलाबाने एवढं होतं?

एकट्या जुलाबाने एवढं सहसा होत नाही. चार गोष्टी एकाच वेळी जमल्या.

गाळणीत रक्त आणणारी वाहिनी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वापरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या जातीची पेनकिलर ती द्रव्यं बंद पाडते. म्हणजे आत येणारी वाट अरुंद झाली. सार्टनने बाहेर जाणारी वाट आधीच सैल केलेली. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी केलेलं, आणि त्यात जुलाब. गाळणीत दाबच उरला नाही. यातली सार्टन आणि लघवीची गोळी वडिलांना हवीच आहे, दोष त्यांचा नाही. या मेळात पेनकिलर मात्र नको होती.

मी अशा रुग्णांना सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन यायला सांगते. पिशवी टेबलावर रिकामी केली की दोन वेगळ्या रंगांच्या पाकिटांत एकच पेनकिलर निघते. एक हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी 'अंगदुखीची' म्हणून दुकानातून आणलेली. पाकिटावरचं मोठं नाव वेगळं, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषध तेच. वडिलांची पिशवीही अशीच उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा, भिंग लागलं तरी चालेल. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल बेताच्या प्रमाणात, लावायचं मलम, फिजिओथेरपी असे पर्याय आहेत. डॉक्टरांशी बोला.

दुसरी गोष्ट आजारपणाची. जुलाब, उलट्या, तापात खाणंपिणं बंद अशी वेळ आली तर काही औषधं तात्पुरती थांबवावी लागतात: सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन, आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या. कोणती थांबवायची हे आजारी पडल्यावर विचारत बसू नका. आत्ता बरे असताना डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा. इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचं नाही. आणि खाणंपिणं दिवस-दोन दिवस नीट सुरू झालं की थांबवलेल्या गोळ्या परत सुरू करायच्या. ही शेवटची पायरी बरेच लोक गाळतात. मग जुलाबातून उठलेला माणूस पुढचं वर्षभर बीपीच्या गोळीविना राहतो.

१.४ चं २.० राहिलंय, त्याबद्दल. अशा अचानक झालेल्या इजेतून किडनी बरीचशी सावरते, पण पूर्ण मूळपदावर येईलच असं नाही, आणि ज्यांना एकदा असा झटका बसला त्यांची पुढची घसरण वेगाने होण्याचा धोका वाढतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, तेव्हाचा आकडा त्यांचा नवा पाया समजायचा. मेटफॉर्मिन चालू असेल तर त्या आकड्याप्रमाणे डोस ठरेल. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोस सहसा निम्मा करतात, ३० च्या खाली बंद. मेटफॉर्मिन किडनी बिघडवते म्हणून हे करत नाहीत. बिघडलेल्या किडनीत ते साठतं, म्हणून करतात.

प्रश्न : भरपूर पाणी प्यायलं तर किडनी धुऊन निघते ना?

नाही. कॅनडात २०१८ मध्ये ६३१ किडनीरुग्णांवर हे तपासलं. निम्म्यांना वर्षभर रोजचं पाणी वाढवायला लावलं, ईजीएफआरच्या घसरणीत फरक पडला नाही. तहान लागेल तेवढं प्या. पायावर सूज असेल, दम लागत असेल तर तेवढंही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, दोघांनाही मधुमेह. माझा बारा वर्षांचा, धाकट्याचा दहा वर्षांचा. त्याची शुगर माझ्यापेक्षा वाईट, तरी त्याची किडनी ठणठणीत आणि माझ्या लघवीत अल्ब्युमिन ४१०. मी सिगारेट ओढतो, तो नाही. माझं यूरिक ॲसिडही वाढलंय. हे नशीबच म्हणायचं का?

थोडं नशीब आहे, नाकारत नाही. मधुमेह असलेल्या सगळ्यांना किडनीचा आजार होत नाही. साधारण तिघांत एकाला किंवा त्याहून थोड्या जास्त लोकांना होतो. त्यात आनुवंशिकतेचा भाग आहे. घरात आई-वडिलांपैकी कुणाची किडनी मधुमेहाने गेली असेल तर तुम्ही दोघेही सावध राहा, धाकटाही. दहा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ पुढे होणार नाही असा नाही. मधुमेहाच्या दहाव्या ते विसाव्या वर्षांदरम्यान हे दुखणं जास्त करून डोकं वर काढतं. त्याचा एसीआर दर वर्षी व्हायलाच हवा.

पण तुमच्या पत्रात नशिबापलीकडचंही आहे. सिगारेट तुम्ही ओझरती लिहिली आहे, मला तीच ठळक दिसली. मधुमेह आणि सिगारेट एकत्र आले की अल्ब्युमिनची गळती लवकर सुरू होते आणि वाढते, हृदयाचं तर विचारू नका. ४१० असलेल्या माणसाला डायलिसिसच्या आधी हृदयविकार गाठण्याची भीती मोठी असते, हे सहसा कुणी त्याला सांगत नाही. सोडा. कमी करतो, असं म्हणू नका.

वजन, बीपी आणि डोळ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. पडदा तपासून घ्या. डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्या आणि किडनीच्या रक्तवाहिन्या मधुमेहात बऱ्याचदा जोडीने बिघडतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, साधारण चहाचा एक सपाट चमचा, तयार पदार्थांतलं मीठ धरून. मीठ जास्त असलं की सार्टनचाही असर कमी पडतो. प्रोटीनच्या पावडरी बंद. रात्री जोरात घोरता आणि दिवसा पेंगता असं घरचे सांगत असतील तर झोपेची तपासणी करा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास बीपी चढवतो आणि किडनीलाही सोडत नाही.

यूरिक ॲसिडचं वेगळं आहे. किडनी बिघडलेल्यांत ते वाढलेलं दिसतं, म्हणून ते उतरवलं तर किडनी वाचेल असं बरीच वर्षं वाटत होतं. २०२० मध्ये दोन अभ्यास आले. ॲलोप्युरिनॉलने यूरिक ॲसिड उतरलं, किडनीची घसरण मंदावली नाही. गाऊट असेल तर उपचार घ्या, नुसता रिपोर्टमधला आकडा खाली आणायला नाही.

शुगरची तुलना भावाशी करू नका, स्वतःच्या मागच्या वर्षांशी करा. टाइप वनच्या १४४१ लोकांवरचा डीसीसीटी अभ्यास १९९३ मध्ये संपला, त्यात शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांत अल्ब्युमिनची गळती सुरू होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणून अट्टहासही नको. २००८ मध्ये ॲकॉर्ड अभ्यासात, आधीच हृदयाचा धोका असलेल्या टाइप टू रुग्णांची एचबीएवनसी सहाच्या खाली रेटायचा प्रयत्न झाला, मृत्यू वाढले आणि तो भाग थांबवावा लागला. तुमच्यासाठी सातच्या आसपास चालेल, वयस्कर, वारंवार शुगर उतरणाऱ्या माणसासाठी आठही.

किडनीचा वेळ आपल्या वेळेपेक्षा संथ असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. स्वादुपिंडाचं रोपण होऊन शुगर पूर्ण नॉर्मल झालेल्या आठ टाइप वन रुग्णांच्या किडनीचे तुकडे काढून तपासले होते, तो अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी किडनीत सुधारणा दिसली नव्हती. दहा वर्षांनी मधुमेहाच्या खुणा पुसट झालेल्या होत्या. सहा महिने पथ्य पाळून "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास सांगते.

प्रश्न : मधुमेह होऊन तीनच वर्षं झाली. डोळे स्वच्छ. पण दोन महिन्यांत अंगावर सूज, लघवीला खूप फेस, आणि तपासणीत प्रोटीनबरोबर रक्ताच्या पेशीही. सगळे म्हणतात शुगरमुळे.

मला तसं वाटत नाही. मधुमेहाची किडनी वर्षानुवर्षं हळूहळू बिघडते. दोन महिन्यांत एवढी गळती, त्यात रक्ताच्या पेशी आणि डोळ्यांचा पडदा निरोगी, हे तिन्ही एकत्र आले की दुसरा आजार शोधावा लागतो, आणि त्यातले काही औषधाने पूर्ण आटोक्यात येतात. किडनीतज्ज्ञांना लवकर भेटा. ते बहुधा बायोप्सी सुचवतील, घाबरून नकार देऊ नका. मधुमेह असलेल्या माणसाला झालेलं सगळंच मधुमेहाचं नसतं.

प्रश्न : किडनी शुद्ध करणारं वनस्पतींचं चूर्ण घेऊ का? नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?

बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवणाऱ्या वनस्पतींच्या गोळ्या घेऊन अनेक स्त्रियांच्या किडन्या कायमच्या गेल्या. त्या मिश्रणात ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती होती. तीही नैसर्गिकच. काही भेसळीच्या औषधांत शिसं, पारा किंवा गुपचूप मिसळलेली पेनकिलर सापडते. घटकांची पूर्ण नावं आणि प्रमाण ज्या डब्यावर नाही, तो डबा विकत घेऊ नका. वैद्यांचं औषध चालू असेल तर किडनीच्या डॉक्टरांपासून लपवू नका, मी तरी त्यासाठी कुणाला ओरडत नाही.

प्रश्न : बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलं म्हणून 'लो सोडियम' मीठ आणलंय. क्रिएटिनिन १.९, लोसार्टन चालू. हे मीठ चालेल ना?

ते बाजूला ठेवा. त्यातलं सोडियम कमी करून बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. तुमची किडनी पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकू शकत नाही, लोसार्टन ते आणखी अडवतं, आणि रक्तात पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, तेही आधी काही न जाणवता. नेहमीचंच मीठ वापरा, निम्मं. आणि किती दिवस ते खाल्लंय ते सांगून उद्या पोटॅशियम तपासून घ्या.